मातीचा बैल : विरघळणाऱ्या वस्तूचा इतिहास

(शेलूबाजार येथे पोळ्याच्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी आज वेगळीच सुरुवात करणार होतो. पण अर्ध्या तासापूर्वी, मी इथे येऊन बसलो तेव्हा, आठवी-नववीतली एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली आणि तिने माझ्या हातात हा बैल ठेवला. मागच्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. माझ्या अंगठ्याएवढा आहे. पांढराशुभ्र, शिंगं लाल, पाठीवर निळी झूल, झुलीवर मोहरीएवढे पिवळे ठिपके. हा तिने घरी पॉलिमर क्लेचा केला आणि ओव्हनमध्ये भाजला. मी म्हटलं, छान आहे गं. तर ती म्हणाली, "सर, हा पूजेत ठेवला तं चालते का? आजी म्हणते, याले पाण्यात टाकलं तं इरघळन का?"

आता सांगा, या प्रश्नापुढे माझ्या टिपणांचं काय? आजीने एका वाक्यात सगळा विषय मांडून टाकला. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या आजीला दिलेलं उत्तर समजा. उत्तर थोडं लांबेल, कारण सुरुवात तीन हजार वर्षांपूर्वीपासून करावी लागते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, धवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणारी, शेती करणारी ती वस्ती. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणाची डबी सापडली. तिच्याबरोबर मातीच्या स्त्रीमूर्ती होत्या, त्यातल्या एकीला डोकंच नव्हतं. म्हणजे मोडलं नव्हतं, केलंच नव्हतं. आणि सोबत एक बैल. बैलाच्या पाठीला एक भोक, त्या बिनडोक्याच्या बाईच्या पोटाला एक भोक. मधे काडी घातली की बाई बैलावर बसते.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळं कच्च्या मातीचं होतं. भाजलेलं नव्हतं.

ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. त्या लोकांना भाजता येत नव्हतं का? चांगलंच येत होतं! जोर्वे संस्कृतीची भांडी बघा, लाल, पातळ, टणत्कार देणारी, वर काळी नक्षी. इतकी उत्तम भट्टी ज्यांच्याकडे होती त्यांनी देवी आणि बैल मात्र कच्चे ठेवले, मुद्दाम. का, ते सांगायला त्यांच्यापैकी कोणी नाही. अभ्यासक मातृदेवता म्हणतात, घराच्या रक्षणाचा विधी म्हणतात. मी लगेच "हाच पहिला पोळा" असं म्हणणार नाही. असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यापासून जरा जपून राहा. (हशा) एवढंच म्हणतो, की घरात बसून मातीचा छोटा बैल करायचा, तो विधीपुरता वापरायचा आणि भाजायचा नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

तो बैल आपल्याला मिळाला कसा? डबीबरोबर जमिनीखाली, कोरड्यात राहिला म्हणून. उघड्यावर असता तर पहिल्याच मृगात त्याचा चिखल झाला असता. म्हणजे असे किती बैल झाले असतील आणि मातीत परत गेले असतील, याचा हिशोब कोणाकडेच नाही. इतिहास लिहिणाऱ्याची मोठी पंचाईत असते ती ही. जे टिकतं त्याचाच इतिहास लिहिला जातो.

टिकलेलं उदाहरण हवं असेल तर दायमाबाद घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल नावाच्या माणसाला झाडाचं खोड उकरताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांची जोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा माणूस. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर विद्वानांत वाद आहेत. पण त्यांना चाकं आहेत, ते बघा. बाकीचे तिघंही चाकांवर ओढता येतील असे होते. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडाच्या बैलाला चाकं लावून पोरं दोरीने ओढतात, ते बघितलं की दायमाबाद आठवल्याशिवाय राहत नाही. सरळ नातं आहे असा दावा नाही. पण ओढायचा बैल करावासा वाटणं, हे तर सारखंच आहे ना?

आता आपल्या भागात येऊ. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि तेव्हा ही शाखा इतिहासात नीट उभी राहिली. राजे मिळाले, त्यांची बिरुदं मिळाली, दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावं मिळाली. अर्थातच वत्सगुल्मचा कुंभार मिळाला नाही.

बैल मात्र मिळतो! वाकाटकांच्या दानपत्रांत, उदाहरणार्थ अमरावती जिल्ह्यातला दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट घ्या, गाव दान देताना त्या गावाला कशाकशातून सूट दिली याची यादी असते. त्या यादीत एक सूट आहे, पाळीपाळीने गायी-बैल पुरवण्यापासून. म्हणजे ज्या गावांना अशी सूट नव्हती, त्यांना राजाचा माणूस आला की बैल द्यावे लागत. शेतकऱ्याच्या दारातला बैल हा दीड हजार वर्षांपूर्वी सरकारी कागदावर, म्हणजे सरकारी तांब्यावर, होता. ही गोष्ट मनात असू द्या, कारण बैल असणं आणि नसणं यावर माणसाची पत ठरते, हे पुढे येणार आहे.

आता कुंभाराकडे वळू. हा भाग मी जरा रेंगाळत सांगणार आहे, कारण हा पुस्तकात कमी मिळतो.

तुम्ही वऱ्हाडची माणसं, तुम्हाला काळी माती काय असते ते मी सांगायला नको. पावसाळ्यात पायाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. ही बेसाल्ट खडकापासून झालेली माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आकसतं. कापसाला, तुरीला हा गुण चांगला. बैलाला वाईट! पोरांनी वावरातली नुसती काळी माती घेऊन बैल केला की दोन दिवसांत पाठीला भेग पडते आणि तिसऱ्या दिवशी पाय गळतात. इथे बसलेल्या प्रत्येकाने लहानपणी हे केलेलं असणार.

कुंभार ती माती तशी घेत नाही. तळ्यातला, नदीतला गाळ आणतो, वाळवतो, कुटतो, चाळतो, भिजवतो. मग त्यात राख, बारीक वाळू, घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळतो आणि पायाने तुडवतो. लीद कशाला? तिच्यातले बारीक धागे माती धरून ठेवतात, आतलं पाणी हळूहळू बाहेर यायला वाट देतात, त्यामुळे माती एकसारखी आकसते आणि तडा जात नाही. भाजल्यावर ती लीद जळून जाते आणि बारीक छिद्रं राहतात. माठातलं पाणी थंड होतं ते त्या छिद्रांमुळेच.

आणि आकार बघा. आपल्या बाजारातल्या मातीच्या बैलाचे पाय नेहमी आखूड, जाड, खाली निमुळते. मान खांद्यात बसवलेली. शेपटी अंगाला चिकटलेली. वशिंड उंच. शहरातली मंडळी त्याला ओबडधोबड म्हणतात. मी म्हणतो, हे मातीने शिकवलेलं आहे. लांब पाय केला की वाळताना मोडणार, सुटी शेपटी वाहतूक करताना तुटणार. बैल ओळखू यायला काय लागतं? वशिंड आणि शिंगं. तेवढं ठळक करायचं, बाकी सोडून द्यायचं. जगभर जिथे जिथे मातीचे छोटे प्राणी हाताने केले गेले तिथे तिथे हाच आखूड पाय दिसतो, मग ती सिंधू संस्कृती का असेना.

अजून एक. पोळा येतो श्रावण अमावस्येला. ऐन पावसात. त्या दिवसांत लाकूड-गोवऱ्या ओल्या, आवा पेटवणं कठीण. तेव्हा पोळ्याचा बैल कच्चाच राहणं कुंभाराच्याही सोयीचं. सावलीत वाळवायचा, चुन्याचा हात द्यायचा, गेरूने शिंगं रंगवायची, झालं. धर्म आणि सोय यांचं आपल्याकडे नेहमीच चांगलं जमतं.

आणि घरच्या बायका? त्यांच्या हाताला आकार द्यायची सवय होतीच. दिव्याच्या अवसेला कणकेचे दिवे. पिठोरी अमावस्या, म्हणजे पोळ्याचाच दिवस, तिच्या नावातच पीठ आहे. दिवाळीला शेणाच्या गवळणी. भुलाबाईच्या महिन्यात मातीच्या भुलाबाई-भुलोजी. कणीक, शेण, माती, तिन्ही पदार्थ घरातले, आणि तिन्ही पुन्हा जिरून जाणारे. याला कोणी कला म्हटलं नाही. ज्या बाईने शंभर गवळणी थापल्या तिचं नाव कुठल्याही ताम्रपटात नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. मातीचा बैल पुजायचा कोणी?

ज्याच्या दारात बैल, तो खऱ्या बैलाची पूजा करतो. आदल्या दिवशी खांदशेकणी, पळसाच्या पानाने तूप-हळद लावून खांदा शेकायचा. वर्षभर जूवाने जो खांदा घासला गेला, त्याची ती माफी. दुसऱ्या दिवशी आंघोळ, झूल, बाशिंग, पुरणपोळी आणि तोरणाखाली उभं राहणं. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांताच्या जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ १९१६ साली आला. त्यात कुणब्यांच्या प्रकरणात पोळ्याचं वर्णन आहे. तोरणाखालून कोणाचा बैल आधी जाणार, याला किती महत्त्व होतं ते तिथे वाचायला मिळतं. आधी पाटलाचा, मग मानाप्रमाणे बाकीच्यांचे. या मानापानावरून भांडणं झालेली तुम्ही ऐकली असतील, कदाचित पाहिलीही असतील.

मग ज्याला बैलच नाही तो कुठे उभा राहणार? मजूर, न्हावी, शिंपी, विधवा बाई, जिचे बैल दुष्काळात विकले गेले ती. त्यांना तोरणाखाली जागा नव्हती. त्यांच्या घरी पाटावर मातीची जोडी. दोन बैल, समोर पुरणाचा घास. या जोडीला रांग नाही, मान नाही, कोणाच्या आधी नाही की नंतर नाही. मला वाटतं मातीच्या बैलाचं खरं मोल इथे आहे. तो गरिबाचा खेळण्यातला बैल नव्हता. ज्याला गावाच्या रांगेत उभं राहता येत नव्हतं त्याचा तो पूर्ण, अख्खा सण होता.

नागपूरकडे याला राजाश्रयही मिळाला, तो मुलांसाठी. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी लाकडी बैलांचा तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात, साल १८०६ सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. आता तिथेही बक्षिसं, सर्वांत मोठा बैल कोणाचा वगैरे. रांग लागलीच शेवटी!

मग गेल्या काही वर्षांत काय झालं? तुम्ही चौकात उभे राहा. आपला शेलूबाजार आहेच चौकाचं गाव. कारंजा-मालेगावकडचा जुना नागपूर-संभाजीनगर रस्ता आणि अकोला-मंगरूळपीर रस्ता इथे एकमेकांना छेदतात, आणि आता जवळून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. त्या रस्त्यावर बैलगाडीला मनाई आहे. मी तक्रार करत नाही, वेगाच्या रस्त्यावर बैलगाडी नसावीच. फक्त नोंद करतो.

आकडा बघा. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ ला सुमारे १ कोटी ४० लाख. सात वर्षांत दहा टक्के गेले. कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत : ट्रॅक्टर, चारा, सालगडी न मिळणं, म्हातारा बैल पोसायचा कसा हा प्रश्न. मग २०२० ला कोरोना, सार्वजनिक पोळा बंद. २०२२ ला लम्पी आला, गोठ्यात डोळ्यांदेखत जनावरं गेली आणि पोळ्याला जनावरं एकत्र आणू नका म्हणून सांगावं लागलं. तेव्हा काय झालं? ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खरा बैल पुजला त्यांनी पहिल्यांदा मातीची जोडी विकत आणली. पूर्वी ज्याच्याकडे वावर नव्हतं त्याच्या पाटावर जे होतं, ते आता दहा एकरवाल्याच्या पाटावर आलं.

आणि नेमकं याच काळात माती बदलली. बाजारातले बैल प्लास्टर ऑफ पॅरिसचे झाले. साच्यात ओतायचा, अर्ध्या तासात तयार, पाय हवे तेवढे लांब. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपी मूर्तींवर बंदी सुचवली, ती चर्चा सगळी गणपतीची झाली. अंगठ्याएवढ्या बैलाकडे कोण बघतो?

आता या मुलीच्या हातातला हा पदार्थ. याला क्ले म्हणतात, पण यात माती अजिबात नाही. हे पीव्हीसी आहे. तुमच्या बोअरवेलचा पाइप ज्याचा असतो, तेच, बारीक भुकटीच्या रूपात, त्यात मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग. त्याचाही इतिहास खेळण्यांतूनच सुरू होतो, ही गंमत आहे. जर्मनीत केटे क्रूझ या बाहुल्या करणाऱ्या प्रसिद्ध बाई होत्या. बाहुल्यांची डोकी करायला नवा पदार्थ हवा होता. तो त्यांच्या कामाचा ठरला नाही, पण त्यांच्या मुलीने, घरात तिला फिफी म्हणत, त्यातून घरगुती मूर्तिकामाचा पदार्थ तयार केला. १९६४ साली तो एबरहार्ड फाबर या कंपनीने घेतला आणि फिमो नावाने जगभर विकला. अमेरिकेतल्या स्कल्पीची गोष्ट अशीच : विजेच्या ट्रान्सफॉर्मरची उष्णता वाहून नेण्यासाठी केलेला पदार्थ त्या कामाला निकामी ठरला आणि खेळायला उत्तम निघाला.

हा वाळत नाही, म्हणून आकसतही नाही. ११० ते १३० अंशांना तापवला की पीव्हीसीचे कण ते तेलकट द्रव्य पिऊन एकमेकांत मिसळून जातात आणि घट्ट होतात. कुंभाराच्या आव्याला सहाशे-आठशे अंश लागतात, याला घरचा छोटा ओव्हन पुरतो. म्हणून लांब पाय चालतात, सुटी शेपटी चालते. पण भाजताना मधेच तो मऊ पडतो, तेव्हा बैल बसतो. बसू नये म्हणून पायात तार आणि पोटात चुरगळलेली ॲल्युमिनियमची चांदी घालायची. या मुलीने तेच केलंय, मी विचारलं. एक सूचना आयांसाठी : त्यासाठीचं ताट वेगळं ठेवा, त्यात पुन्हा ढोकळा करू नका. आणि जास्त तापवू नका. करपलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो घशाला वाईट. खिडकी उघडी ठेवा.

तर आजीचं उत्तर. आजी, हा विरघळणार नाही. यंदा नाही, पुढल्या वर्षी नाही, नातीच्या नातीच्या काळातही नाही. याला नदीत सोडू नका. पूजेला चालतो का, ते ठरवायचा अधिकार माझा नाही. पण एवढं सांगतो, की आपल्याकडे ज्या बैलाचं विसर्जन होतं तो दरवर्षी नव्याने करावा लागतो, म्हणून दरवर्षी कोणाला तरी तो करता यावा लागतो. जो कपाटात राहतो तो एकदाच करावा लागतो. या मुलीचा हात चांगला आहे. तिने हा कपाटात ठेवावा आणि पाटावरची जोडी मातीची करावी, असं मला आपलं वाटतं. तिला ते न पटलं तरी चालेल.

काही प्रश्न? हो, तुम्ही, मागचे काका.

(श्रोत्यांमधून : आमच्या वावरातल्या काळ्या मातीचा बैल तडकू नये म्हणून काय करावं?)

चांगलं विचारलंत. निम्मी काळी माती, निम्मा गाळ. आधी वाळवून कुटा आणि चाळणीने चाळा, खडा राहू देऊ नका. भिजवून रात्रभर ओल्या कापडाखाली ठेवा. मग चाळलेली राख घाला, साधारण चार मुठी मातीला एक मूठ, आणि लीद मिळाली तर थोडी, नाहीतर कापसाचे बारीक तंतू पिंजून घाला, ते तर तुमच्याकडे आहेतच. कणकेपेक्षा घट्ट मळा. पाणी कमी तेवढ्या भेगा कमी. पाय वेगळे करून चिकटवू नका, एकाच गोळ्यातून ओढून काढा. जोड आला की तिथे सुटतो. आणि उन्हात ठेवू नका. ओसरीत, वाऱ्याच्या आड, वर ओलसर फडकं, चार दिवस. पोळ्याला अजून पाच दिवस आहेत, म्हणजे आजच माती भिजवायला हवी.